पट्टी नसलेली प्रत

४ जून

ती. ताईस,

वाकून नमस्कार. कंबरेमुळे वाकणं अर्ध्यावर थांबलं आहे, उरलेला अर्धा समजून घे.

पत्राला कारण पुस्तक. तू म्हणशील, भोपळ्याला दुसरं कारण सुचतं कधी? पस्तीस वर्षं छापखान्यात बसून लोकांच्या मुद्रितांतल्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात एक बायकोच उरली, आणि ती काढू देत नाही. म्हणून मी एक पुस्तिका लिहिली आहे. विषय : आधुनिक नाटकांच्या पहिल्या आवृत्त्या कशा ओळखाव्यात. पानं अठ्ठेचाळीस. हा प्रश्न पडलेली माणसं माझ्या माहितीत चौदा आहेत आणि त्यांतल्या तिघांशी माझं बोलणं बंद आहे. तरीही तीनशे प्रती छापतो आहे. तुझी भावजय म्हणते, उरलेल्यांवर भांडी उतरवता येतील.

त्यातलं मुख्य प्रकरण तुमच्या कंपनीच्या नाटकावर आहे. तेच, ज्यात रंगमंचावर नुसतं एक दार उभं असतं आणि ज्याला तू 'दाराचं नाटक' म्हणायचीस. त्याची पहिली आवृत्ती पहिल्या प्रयोगाच्या दिवशी निघाली, दुसरी वर्षभराने. दोघी जुळ्या बहिणी. कोणती थोरली ते कळायला मी तीन खुणा शोधल्या आहेत. पहिली, पानं दोऱ्याने शिवलेली असतात. धाकटीला पिना आहेत. दुसरी, शेवटच्या पानावर छापखान्याचा जुना पत्ता असतो. तिसरी सर्वांत मोठी. पात्रांच्या यादीत 'शेजारीण' या भूमिकेपुढे नटीचं नाव पानावर दिसत नाही. तिथे कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली असते आणि नाव त्या पट्टीवर असतं. दुसऱ्या आवृत्तीत तेच नाव सरळ पानावर छापलं. म्हणून माझा नियम : पट्टी असेल तर पहिली, नसेल तर दुसरी.

आजवर पहिल्या आवृत्तीच्या अकरा प्रती पाहिल्या आणि अकराही प्रतींना पट्टी होती. माझ्या स्वतःच्या प्रतीची पट्टी तर इतकी शाबूत आहे की पाहुण्यांना मी ती हातभर अंतरावरून दाखवतो.

तुझ्याकडे एखादी प्रत असणारच. आमची आत्या आपल्या लेकीबद्दल सगळ्यांना सांगायची ना, "आमची नाटकात आहे, पण तशी नाही हो, ती आपली विंगेत बसून वाक्यं सांगते." एवढी वर्षं त्या नाटकाची प्रॉम्प्टर होतीस तू. तेवढ्या तीन खुणा पाहून कळव. बारावी प्रत जुळली की नियम पक्का. महिनाअखेरीला पुस्तिका छपाईला जाईल.

तुझा
भोपळ्या


११ जून

चि. भोपळ्यास,

आशीर्वाद. कंबर शेकत जा, आणि पाहुण्यांना पुस्तकाऐवजी चहा दाखवत जा.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रद्दीच्या ढिगातच बसले होते. नाट्यगृहाच्या मागची माझी राहती खोली रिकामी करायची आहे. कपडेपट सांभाळणारी माझी मैत्रीण तुला आठवत असेल, जिने तुला एकदा पगडीत बसवलं होतं. तिच्याकडे राहायला जाते आहे. तिने मला कपाटातले दोन कप्पे दिलेत. एकात कपडे, दुसऱ्यात बाकीचं आयुष्य. ते बसवताना माझीही कंबर धरली.

प्रत सापडली. तू विचारलंस त्याच क्रमाने सांगते. पानं दोऱ्याने शिवलेली आहेत. शेवटच्या पानावर जुना पत्ता आहे, बोळातला. पट्टी नाही. शेजारणीपुढे नाव सरळ पानावर छापलेलं आहे. मुखपृष्ठावर कपाची गोल खूण आहे, ती तुझ्या खुणांत बसत नसावी.

ते नाव वाचून कळवू का?

विचारलं नाहीस म्हणून कळवत नाही. विंगेतली सवय आहे ही. नट अडला तरी त्याला अख्खं वाक्य द्यायचं नसतं. पहिला शब्द द्यायचा आणि गप्प बसायचं. पुढचं त्याचं त्याला आठवू द्यायचं.

ताई


१६ जून

ती. ताईस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोरा आहे, पत्ता आहे आणि पट्टी नाही? एकाच प्रतीत? ताई, तुझ्या त्या प्रतीने माझी अठ्ठेचाळीस पानं धोक्यात आणली आहेत.

पण मी हार मानणाऱ्यांतला नाही, हे माझ्या सासरच्या मंडळींना विचार. पट्टी गळून पडली असेल. असं कर, पान खिडकीपाशी तिरपं धर आणि भिंगातून बघ. डिंकाचा पिवळा डाग दिसेल, नाहीतर कागद तिथे किंचित खरखरीत लागेल.

नाव कळवायची तसदी घेऊ नकोस. ते नाव कुणाला ठाऊक नाही? शेजारणीच्या त्या चिमुकल्या भूमिकेतून ती बाई पुढे एवढी मोठी झाली की तिचा पुतळा तेवढा व्हायचा राहिला आहे. शिवाय आमच्या शास्त्रात नाव ही दुय्यम गोष्ट. कागद, दोरा, डिंक! माणसं खोटं बोलतात, डिंक बोलत नाही.

एक कबुली देतो, भावजयीला सांगू नकोस. ते नाटक मी वाचलेलं नाही. प्रत पूर्ण उघडली तर तिची पाठ मोडते. मी ती पुस्तकाला दम लागणार नाही एवढीच उघडतो आणि फटीतून आत बघतो. अशाने पात्रांची यादी तेवढी वाचून होते.

भोपळ्या


२२ जून

चि. भोपळ्यास,

पान तिरपं धरलं. भिंग कपडेपटवालीचं घेतलं, ती त्याने सुईत दोरा ओवते. डाग नाही, खरखर नाही. तिथे पट्टी कधी लागलेलीच नाही. मान मात्र त्या तिरपेपणात अडकली ती दोन दिवस तशीच होती. समोरच्या बिऱ्हाडाला वाटलं, मी त्यांच्याकडे टक लावून बघते आहे.

पुस्तक फटीतून वाचणाऱ्याला सांगायला हवं, म्हणून त्या नाटकातली एक गोष्ट सांगते. शेजारणीला त्यात वाक्य एकच आहे. दुसऱ्या अंकात घरातलं माणूस गेलेलं असतं, सगळे सुन्न बसलेले, आणि शेजारीण दारात येऊन विचारते, "कुणी आहे का घरात?" बस्स.

पहिल्या प्रयोगाला ते वाक्य एका मुलीला दिलं होतं. तालमींत जो गैरहजर असेल त्याच्या जागी ती उभी राहायची, त्यामुळे अख्खं नाटक तिला तोंडपाठ. नायकाचं, नायिकेचं, सगळ्यांचं. फाजील आत्मविश्वास म्हणतात तो हाच. दिवा तोंडावर आला आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. विंगेतून म्हाताऱ्या प्रॉम्प्टरने शब्द दिला, "कुणी..." त्याबरोबर ही ठणठणीत आवाजात म्हणाली, "कुणी नाही!" आणि दार लावून निघून गेली.

प्रेतापाशी बसलेली नायिका हसली, तिथे प्रेक्षकांचं काय! गेलेलं माणूसदेखील पोट धरून हललं, असं म्हणतात. दुसऱ्या प्रयोगाला त्या भूमिकेत नवी मुलगी आली. जुनीला मालकांनी म्हाताऱ्याच्या हाताखाली विंगेत बसवलं. म्हणाले, "सगळ्यांची वाक्यं येतात ना, मग तीच सांग."

ही गोष्ट तुझ्या काही उपयोगाची आहे का बघ.

ताई


२७ जून

ती. ताईस,

किस्सा झकास. आम्ही दोघं खूप हसलो. भावजय मात्र मध्येच हसायची थांबली आणि "त्या मुलीचं पुढे काय झालं?" असं विचारत बसली. बायकांचं लक्ष नेहमी मुद्द्याबाहेर.

उपयोग मात्र नाही. पहिल्या प्रयोगानंतर नटी बदलली ही अफवा माझ्या कानावर पूर्वीच आली होती. तिचा समाचार मी पान बारावर तळटीपेत घेतला आहे. अकराच्या अकरा प्रतींना पट्टी आहे, त्या अर्थी पट्ट्या पुस्तक छापखान्याबाहेर पडायच्या आधीच लागल्या. पट्टीखाली फार तर एखादी छपाईची चूक असेल. मी तेच लिहिलं आहे : 'पट्टीखालील मजकुरास महत्त्व नाही. जाणकाराने पट्टीस हात लावू नये.'

आता तुझी प्रत. तीन दिवस डोकं खाजवलं (केस नसल्याने काम लवकर झालं) आणि उलगडा झाला. पहिल्या आवृत्तीचे काही कागद आणि मुखपृष्ठं उरली असणार. दुसऱ्या वेळी बांधणीवाल्याने सुरुवातीची थोडी पुस्तकं, पिना येईपर्यंत, दोऱ्याने शिवली. पात्रांचं पान नवं, बाकी माल जुना. म्हणजे तुझी प्रत थोरलीचे कपडे घातलेली धाकटी आहे! भल्याभल्यांना फसवील अशी. मी तिला नावसुद्धा दिलं : 'ताई-प्रत'. पान बावीसवर चौकटीत टाकली आहे, इशारा म्हणून. 'सर्व खुणा अस्सल, वस्तू नक्कल.' तुझं नाव माझ्या पुस्तकात अमर झालं, पेढे राहिले.

पुस्तिका काल छपाईला गेली. तेव्हा तुझ्या दोन कप्प्यांतली जागा त्या प्रतीपायी अडवू नकोस. खुशाल रद्दीत दे.

भोपळ्या


३ जुलै

चि. भोपळ्यास,

जाणकाराचं ऐकावं. रद्दीवाला आज येऊन गेला. नक्कल वस्तू गेली.

खोलीची किल्ली परवा देते. खालच्या पत्त्यावर लिही.

ताई


६ जुलै

(पोस्टकार्ड)

पट्टीखाली


१२ जुलै

ताई,

वरचा मायना विसरलो नाही, लिहायला तोंड नाही.

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच शब्द. खाली सही नाही, आशीर्वाद नाही. मला वाटलं, मान अडकल्याचा परिणाम वर डोक्यात गेला. मी भावजयीला म्हणालो, "ताईचं वय झालं." ती कणीक मळत होती. कार्ड दुरूनच वाचलं आणि म्हणाली, "वय तुमचं झालंय. ताईंनी तुम्हाला शब्द दिलाय. पुढचं वाक्य तुमचं आहे."

"कोणतं वाक्य?"

"पट्टीखाली काय आहे, हे. तीस वर्षांत एकदा तरी बघितलंत?"

मी पान बारा काढून तिला वाचून दाखवायला लागलो. तिने हात धुतले, चहाची किटली चुलीवर ठेवली आणि म्हणाली, "आणा ते पुस्तक."

ताई, माझी अवस्था काय झाली सांगू? मुलाला टोचून घ्यायला नेताना झाली नव्हती अशी. किटलीच्या वाफेवर मीच ते पान धरलं. पट्टीवर नजर ठेवायला एवढा पुढे वाकलो की वाफ पानाला कमी आणि माझ्या चष्म्याला जास्त लागली. पट्टी सुटली ती अर्धी, उरलेली फाटली. पान पापडासारखं फुगलं. जगातली सर्वांत शाबूत पट्टी मी माझ्या हाताने संपवली.

खाली तुझं नाव होतं.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मुद्रितशोधक आहे, अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचतो. तुझंच होतं. एकही चूक नव्हती.

मग सगळं एकदम कळलं. ती मुलगी, ते "कुणी नाही", विंगेतल्या तुझ्या त्या सगळ्या वर्षांचं कारण. तुझी प्रत पट्ट्या लागण्याच्या आधीची, पहिल्या प्रयोगाच्या दिवशीची. आम्ही चौदा जण जिच्यासाठी एकमेकांचे गळे धरू, ती हीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळशावरच पट्टी लावून फिरत होतो. तू विचारलंस, नाव कळवू का, आणि मी म्हणालो, नको. तू स्वतःची गोष्ट सांगितलीस आणि मी तिला अफवा ठरवलं, तळटीप देऊन. मी माझ्या सख्ख्या आतेबहिणीला नक्कल ठरवलं, तेही चौकटीत!

मला फार लाज वाटते आहे. विनोद करून बघितला, तरी वाटते आहे.

रद्दीवाल्याला गाठ. त्याच्या पायावर डोकं ठेव. माझंही ठेव.

तुझा
(नाव लिहायची लायकी नाही)


१७ जुलै

चि. भोपळ्यास,

आशीर्वाद. रडका सूर पुरे. दुःखद प्रसंगात लोकांना हसवण्याचा हक्क आपल्या घराण्यात माझा आहे.

रद्दीवाल्याकडे गेले होते. कपडेपटवालीला बरोबर घेतलं, तिच्या आवाजाला तो घाबरतो. पण माल आदल्याच दिवशी पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेला होता. तुझी ती दुर्मिळ वस्तू आता कुणाच्या तरी चपलांचा खोका झाली असेल. चपला तरी पहिल्या आवृत्तीच्या असोत.

आता ऐक. ती प्रत मी पडदा उघडायच्या आधी बाहेरच्या टेबलावरून घेतली होती. आईला दाखवायला. छापलेलं नाव! पडदा पडल्यावर दाखवण्यासारखं काही उरलं नाही. आठवड्याने पट्ट्या लावलेल्या प्रती आल्या, त्या मी पाहिल्या. पट्टी फार नीट लावली होती. आईला मी सांगितलं, मला पहिल्यापासून विंगेतच घेतलं आहे. ती बिचारी आयुष्यभर तेच अभिमानाने सांगत राहिली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. फजितीचं नाही, ती माझीच होती. तू इतकी वर्षं माझं नाव कपाटात जपून ठेवलं होतंस आणि तुला ते बघावंसं वाटलं नाही, त्याचं वाटलं. मी सरळ लिहू शकले असते. पण मला वाटलं, पहिला शब्द दिला की तू पुढचं बोलशील. भोपळ्या, तुझ्यासारखा मठ्ठ नट मी पाहिला नव्हता. तिसऱ्यांदा शब्द द्यावा लागला.

एक मात्र तुझ्या शास्त्रात पाप आहे ते सांगून टाकते. रद्दीत देण्याआधी पात्रांचं पान मी फाडून घेतलं. कप्प्यात कपड्यांखाली ठेवलं आहे. एवढंच मावत होतं, आणि बाकीचं नाटक मला पाठ आहे.

ताई


२२ जुलै

ती. ताईस,

पूर्ण वाकून नमस्कार. कंबरेचं काय व्हायचं ते झालं.

पुस्तिका छापून आल्या. तीनशे. पान बारा आणि पान बावीस, दोन्ही ठिकाणी माझं अगाध ज्ञान ठळक अक्षरांत. पुन्हा छापायचं म्हटलं तर भावजयीने पैशांचा डबा उलटा करून दाखवला. मग उपाय एकच उरला. हसू नकोस.

पट्ट्या!

गेले चार दिवस मी आणि भावजय जेवणाच्या टेबलावर बसून पट्ट्या चिकटवतो आहोत. तीनशे पुस्तिका, प्रत्येकीला दोन. मी डिंक लावतो, ती दाबते. माझ्या तिरप्या जातात म्हणून मला चिकटवायला बंदी आहे. पान बारावर आता आहे : 'पट्टी पहिल्या प्रयोगानंतर लागली. पट्टीखाली जे नाव आहे, ते आधी वाचावे.' आणि पान बावीसच्या चौकटीत : 'ताई-प्रत. पट्टी नसलेली. हीच खरी पहिली. ज्ञात प्रत एक. लेखकाच्या मूर्खपणामुळे तीतील एकच पान शिल्लक.' मूर्खपणा हा शब्द भावजयीने सुचवला. मी 'अनवधान' लिहिलं होतं.

आणि ताई, मी ते नाटक वाचलं. पूर्ण उघडून. पाठ मोडली, कट्कन आवाज झाला, म्हटलं होऊ दे. तुझं वाक्य आलं तिथे थांबलो आणि पुढे जाताच येईना. मोठ्याने वाचून बघितलं. भावजय स्वयंपाकघरातून "आहे की!" म्हणून ओरडली.

पान मागत नाही. ते तुझ्या कपड्यांखालीच राहू दे. तू ये. चार दिवस राहा. कपाट हवं तेवढं रिकामं करतो, धाकट्या आवृत्त्या माळ्यावर टाकतो.

भोपळ्या


२८ जुलै

चि. भोपळ्यास,

गुरुवारी येते, अकराच्या सुमारास. पान बरोबर आणते. भावजयीला दाखवायचं आहे. आईला दाखवायचं राहिलं.

दार लावून ठेव. मी बेल वाजवणार नाही. दारात उभी राहून माझं वाक्य म्हणणार आहे, एकोणपन्नास वर्षं उशिरा. इथे मोरीत तालीम चालू आहे आणि कपडेपटवाली म्हणते, आवाज अजून पोचतो.

विसरलेच तर शब्द भावजयीला देऊ दे. तू देऊ नकोस, तू भलताच देशील.

आणि एक लक्षात ठेव. नाटकात त्या वाक्याला आतून कुणी उत्तर देत नाही. तू दे.

ताई